सूत, सफेदा आणि गाडीचा काटा

भाऊजी,

तुम्ही गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडपाला जागा हवी म्हणून तुमची गाडी अंगणातून ढकलत गल्लीत नेली. चावी कुठं आहे ते ताईला ठाऊक होतं, पण तिनं दिली नाही. "दुसऱ्याच्या हातानं चालू नाही व्हायची ते," एवढंच म्हणाली आणि आत गेली. मग शेजाऱ्यांनीच धक्का मारला. उन्हात गाडी तशी ढकलत नेताना बघून मला कसंतरी झालं.

वंदना झाली, मग एकेकजण बोलायला उभा राहिला. नगरपालिकेतले तुमचे सोबती आले होते. पांढुर्ण्यातल्या अर्ध्या घरांचे नळ तुमच्या हातचे आहेत, हे तिघाचौघांनी सांगितलं. ते खरंच आहे आणि ऐकायला बरं वाटलं. मग एकजण उठला आणि म्हणाला की माणसाचं हृदयही गाडीसारखंच असतं, काटा वेळेवर दाखवत नाही. लोकांनी माना डोलावल्या. मला राग आला, भाऊजी. तुम्ही असता तर तुम्हीही वैतागला असता. गाडी बिघडली की तुमच्या लेखी गाडीच बिघडलेली असायची, त्यातून माणसाच्या जन्माचा अर्थ काढायला तुम्हाला फुरसत नव्हती. मी उठले आणि आत भाजी चिरणाऱ्या बायकांत जाऊन बसले.

तेव्हापासून तुमच्याशी मनात बोलणं चाललं आहे. बोलणं कसलं, भांडणच. तुमची मेहुणी म्हणून माझा तो हक्क होता आणि तुम्ही तो कधी नाकारला नाही. मी सौंसरहून आले की ताई चहा ठेवायच्या आत आपलं जुंपलेलं असायचं. बाकीची भांडणं संपली किंवा विसरली. एक तेवढं राहिलं. ते अर्धवट टाकून तुम्ही झोपेतच निघून गेलात, हे काही बरं केलं नाही.

ताईच्या छातीत गाठ निघाली त्या उन्हाळ्यापासून सुरुवात करते. नागपूरला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी शेक द्यायचे ठरवले. आपल्याकडे त्या किरणांना शेकच म्हणतात, आजाराचं नाव कुणी घेत नाही. तुम्ही तर घरात कायदाच करून टाकलात. मला अंगणात नेऊन हळू आवाजात म्हणालात, "गाठ होती, काढली. जागा सुकवाले शेक देऊन राहिले. एवढंच सांगायचं तिले. ते नाव ह्या घरात कोनाच्या तोंडातून नाही निंघालं पाह्यजे." शेजारणींना, लेकीला, जावयाला, सगळ्यांना तुम्ही तंबी दिलीत. तुमचा चेहरा पाहून मीही मान हलवली. ताईनं काही विचारलं नाही. "बरं," म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

दिवसाआड नागपूर. तिथं नातेवाइकांकडे मुक्काम करायला ताई तयार नव्हती. झोपेन तर माझ्या घरी, नाही तर शेक नको, असा तिचा हट्ट होता. पहिल्यांदा तुम्ही तिला पॅसेंजरनं नेलंत. चढताना कुणाचं तरी गाठोडं तिच्या ऑपरेशनच्या बाजूला आदळलं आणि ती प्लॅटफॉर्मवरच खाली बसली. त्याच आठवड्यात तुम्ही गाडी घेतलीत.

काय गाडी होती ती. सौंसरच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या गोठ्यात किती वर्षं उभी होती कोण जाणे. गोल नाकाची. मूळचा रंग कोणता हे खुद्द व्यापाऱ्याला आठवत नव्हतं. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. तुम्ही ती धुतलीत, चालू केलीत, आणि नगरपालिकेचा पाण्याचा टँकर चालवून शिकलेल्या हातानं ती रस्त्यावर आणलीत. टँकरची सवय तुमची शेवटपर्यंत गेली नाही. साध्या वळणावरही तुम्ही अशी लांबून गाडी वळवायचात की जणू मागं भरलेली टाकी हिंदकळते आहे. ताई हसायची. मी म्हणायची, "भाऊजी, मागं पाणी नाही, आम्ही बसलो आहोत."

पांढुर्ण्याहून नागपूरला सरळ सडक होती. तरी तुम्ही वाट वाकडी करून सौंसरला मला घ्यायला यायचात, कारण ताईला शेजारी मी हवी असायची. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, मी मोकळी होते. सकाळी डबा बांधून दारात उभी राहायची. लांबून तुमचा भोंगा ऐकला की माझा जीव भांड्यात पडायचा.

एका शनिवारी भोंगा आलाच नाही. वाट पाहून पाहून मी पांढुर्ण्याच्या बसमध्ये चढले, आणि जामसावळीच्या फाट्याजवळ तुमची गाडी दिसली. बॉनेट वर. ताई झाडाखाली चटईवर. आणि तुम्ही इंजिनाला टॉवेलनं वारा घालत होता. मी काही विचारायच्या आत तुम्ही म्हणालात, "तापली. काटा लालवर गेला. एक कोस चालत नाही का लालवर जाते." शनिवार म्हणून मारोतीच्या दर्शनाला जाणाऱ्यांची रीघ लागली होती. त्यातला एक भला माणूस थांबला आणि म्हणाला, "मारोतीले एक नारळ फोडा, बुवा, गाडी चालते." तुम्ही घाम पुसत विचारलंत, "अन् त्यातलं पानी रेडिएटरमदी टाकलं तं चालते का?" तो माणूसही हसला. जाताना आपल्या जवळचं पाण्याचं भांडं तुमच्या हातात देऊन गेला.

त्या दिवशी शेक चुकला. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की खंड पडता कामा नये. पडला तर आधीचे सगळे वाया जाऊ शकतात. गॅरेजवाल्यानं बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि सांगितलं, इंजिनाचं हेड उतरवावं लागेल, गाडी इथंच राहू द्या, पंधरा-वीस दिवस तरी धरा. तुम्ही गाडी तशीच घरी आणलीत आणि पायरीवर बसून राहिलात. तेव्हा ताई आतून बोलली. तिचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. "राहू द्या आता. गाडीबी थकली, मीबी थकली. माह्यापायी किती जनाले फिरवून राहिली मी. आता नाही जात." तुम्ही उठलात आणि टॉवेलनं ते गार इंजिन पुन्हा पुन्हा पुसत राहिलात. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही किती घाबरलेले आहात.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या प्रयोगशाळेतलं थर्मामीटर घेऊन आले. हेडमास्तरांना विचारलं नव्हतं, आता सांगते. इंजिन चालू केलं, काटा लालवर जाऊन बसला, आणि मी रेडिएटरचं झाकण उघडून थर्मामीटर आत सोडलं. पाणी आंघोळीच्या पाण्याइतकंही तापलेलं नव्हतं.

"भाऊजी, काटा खोटं सांगतो आहे."

"काटा कायले खोटं बोलीन? त्याले काय भेटते त्यातून?"

हा तुमचा प्रश्न मला तेव्हाही आवडला होता. मी वाद घातला नाही, म्हटलं बघू या. इंजिनात वरच्या बाजूला पाण्याच्या वाटेवर तो छोटासा पितळी तुकडा बसवलेला होता. पुढं नागपूरच्या दुकानदारानं तुम्हाला त्याचं सेन्सर हे नाव शिकवलं, पण तुमच्या तोंडी तो कायम बोंडच राहिला. पितळी बोंड. त्याला एकच तार येत होती. पाणी किती तापलं ते बोंडाला कळायचं आणि तारेतून काट्यापर्यंत पोचायचं. ताईला आपण पुढच्या सीटवर बसवलं, काटा सांगायला. तिला कंटाळा आला होता, तरी बसली.

तुम्ही तार उपटलीत. "काय झालं?"

"पडला," ताई म्हणाली.

तार इंजिनाच्या लोखंडाला टेकवलीत. "आता?"

"चढला. पार लालवर."

म्हणजे काटा धड होता, तार धड होती. उरलं ते बोंड. तुम्ही ते पान्यानं सोडवून काढलंत, एका तारेनं त्याचं अंग गाडीला जोडलंत, दुसरी तार होती तशी लावलीत, आणि मी ते माठातल्या गार पाण्याच्या गिलासात बुडवलं. ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "लालवरच आहे." मग तिला हसू फुटलं. "गार पान्यात बसून तापलो तापलो करून राहिला गा बिचारा." ऑपरेशन झाल्यापासून ती तशी हसली नव्हती. तुम्ही तिच्याकडे बघत राहिलात आणि हातातला पाना पायावर पाडून घेतलात.

ती पुढची फेरी आपण बोंडाशिवायच केली. भोकाला तुम्ही बूच मारलंत, आणि थोड्या थोड्या वेळानं गाडी थांबवून मी थर्मामीटर आत सोडायची. लोक बघायचे. एकानं विचारलं, गाडीला ताप आहे का. तुम्ही म्हणालात, "होय, डॉक्टरीनबाई सोबत घेतली आहे." शेक वेळेवर झाला. परतताना एका गल्लीतल्या दुकानात तुम्ही जुनं बोंड काउंटरवर ठेवलंत आणि त्याच्यासारखंच नवं मिळेपर्यंत दुकानदाराला शिडीवरून खाली उतरू दिलं नाहीत.

नवं बोंड तुम्ही घरी बसवलंत. मी तेव्हा सौंसरला होते. नंतर आलात ते भोंगा वाजवतच आलात. "पाह्य, मास्तरीणबाई. काटा कसा खाली निजला आहे. गाडी एकदम थंडगार." सोबत संत्रा बर्फीचा डबा. मीही बर्फी खाल्ली आणि काट्याचं कौतुक केलं. पुढच्या फेऱ्या कशा सुखात झाल्या. तुम्ही गाणं गुणगुणत गाडी चालवायचात. मधूनच काट्याकडे बघायचात आणि तो खाली पडलेला दिसला की एक हात उचलून केसांवरून फिरवायचात.

मग लोधीखेड्याजवळचा तो दिवस. ऊन मी म्हणत होतं. ताईनं मागून सांगितलं, "काहीतरी जळून राहिलं." तुम्ही काट्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "नाही, थंडी आहे गाडी." ती पुन्हा म्हणाली. आणि तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून वाफ सुटली.

गाडी सडकेच्या कडेला लिंबाखाली घेतलीत. रेडिएटरची रबरी नळी खालून फाटली होती आणि पाणी कधीचं वाहून गेलं होतं. इंजिन खरोखर तापलं होतं आणि काटा होता तिथंच, तळाला, गाढ झोपलेला. तुम्ही एकदा काट्याकडे, एकदा वाफेकडे बघत होता. ताईला आपण गाडीतच बसू दिलं, दारं उघडी ठेवून. बॉनेट वर होतं, त्यामुळे तिला आपण दिसत नव्हतो आणि आपल्याला ती.

इंजिन निवेपर्यंत हात लावता येत नव्हता. शेकाची वेळ टळत चालली होती. तिथं मी बोलले. आवाज खाली ठेवून बोलले, पण बोलले. म्हटलं, "तुम्हाला काटा खाली पडलेला आवडतो, भाऊजी. खरा आहे की नाही ते बघायचं नाही. घरातही तुम्ही तेच केलं आहे. ताईला सांगा. तिचं शरीर आहे, तिला कळायला हवं."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही. फाटक्या नळीवर ओलं फडकं गुंडाळत म्हणालात, "माह्या मायले सांगतलं होतं. डॉक्टरनं तोंडावर नाव सांगतलं. त्या दिवसापासून ते जेवली नाही. रोगानं नंतर नेलं तिले, नावानं आधी नेलं. मी हिले नाही सांगत. तू बी नाही सांगायचं. तुले शपथ घालत नाही, हात जोडून सांगून राहिलो."

आणि खरंच हात जोडलेत, ग्रीस लागलेले. मी तुमच्या आईला पाहिलं नव्हतं. ही गोष्ट तुम्ही कधी सांगितली नव्हती. तरी मी हट्ट सोडला नाही. म्हटलं, "ताई म्हणजे तुमची आई नाही." तुम्ही म्हणालात, "ते तुले काय माहीत." तिथून आपण बराच वेळ बोललो नाही.

पलीकडच्या बगिच्यातून एक माणूस बादलीभर पाणी घेऊन आला. संत्र्याच्या झाडांना ओलीत करत होता, वाफ बघून आला. त्याच्या सायकलची जुनी ट्यूब तुम्ही मागितलीत, पट्ट्या कापल्यात आणि नळीवर अशा आवळून बांधल्यात की थेंब गळेना. ते काम तुमच्याइतकं चांगलं कुणाला जमलं नसतं. पाणी भरलं, इंजिन चालू केलं. काटा मात्र हलायला तयार नव्हता.

"नवं बी खराब?" तुमचा आवाज पार खचला होता. तुम्ही पेचकस घेऊन बोंडाशी झटू लागलात. आणि तुमचा हात घसरला. पेचकसाचं टोक बोंडाच्या अंगावर आणि दांडी इंजिनाच्या लोखंडावर, अशी टेकली.

"चढला," ताई आतून म्हणाली. आपण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तारेला तर कुणी हात लावला नव्हता.

तुम्ही पेचकस उचललात. "आता?"

"पडला."

पुन्हा टेकवलात. "आता?"

"चढला ना गा. काय खेळून राहिले?"

तुम्ही वाकून बोंडाच्या बुडाशी बघितलंत. आट्यांतून पांढरं काहीतरी बाहेर आलं होतं. तुम्ही नखानं उकरलंत. सूत. कापसाचं सूत आणि त्यावर थापलेला सफेदा. नळाचा जोड असो, विहिरीवरच्या मोटरीचा पाइप असो, पाणी गळू नये म्हणून आट्यांना सूत गुंडाळून वर सफेद्याचा लेप लावल्याशिवाय तुमच्या हातानं आयुष्यात काही बसवलं नव्हतं. पाण्याची जागा दिसली आणि हातानं आपलं काम केलं, तेही चांगलं जाड. बोंडाच्या अंगाला इंजिनाचं लोखंड लागायलाच हवं होतं, त्याशिवाय काट्यापर्यंत काही पोचणार नव्हतं. आणि तुम्ही त्याला सुताची दुलई पांघरून बसवलं होतं.

तुम्ही खाली बसलात. मला वाटलं रडता की काय. पण तुमचे खांदे हसण्यानं हलत होते. "जिंदगीभर पानी अडवलं, मास्तरीणबाई," तुम्ही म्हणालात, "अन् आज करंट अडवला." मीही हसले. इतक्या वेळचा अबोला तिथंच सुटला. बोंड काढलंत, ब्लेडनं आट्या खरवडून चकचकीत केल्यात, कोरडंच आवळून बसवलंत. थेंबभर पाणी झिरपलं, ते दिसूनही तुम्ही तसंच राहू दिलंत. तुमच्यासारख्याला ते किती जड गेलं असेल, मला कळत होतं.

काटा हळूहळू वर आला आणि मधोमध थांबला. "अर्ध्यावर," ताई म्हणाली.

नागपूरला पोचलो तेव्हा शेकाच्या खोलीला कुलूप लागत होतं. तुम्ही ताईला माझ्या हाती सोपवून पुढं धावलात. अंगावर ग्रीस, सफेदा, चिखल. कुलूप लावणाऱ्या माणसापुढं जाऊन धापा टाकत उभे राहिलात. तो तुमच्याकडे बघत राहिला, मग तुमच्या मागून हळूहळू येणाऱ्या ताईकडे बघितलं, आणि काही न विचारता कुलूप उघडलं. त्याचं नाव आपण विचारलं नाही. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

त्यानंतर एकही शेक चुकला नाही. त्या गाडीनं सगळे पुरे केले. संपल्यावरही कितीतरी वर्षं दर तपासणीला तुम्हीच घेऊन गेलात, दसऱ्याला गल्लीतल्या म्हाताऱ्यांना भरून दीक्षाभूमीला नेलंत, आणि वाटेत कुणी विचारो न विचारो, जाहीर करत राहिलात, "अर्ध्यावर आहे." आपलं भांडण मात्र चालूच राहिलं. तुमच्या अंगणात, माझ्या ओट्यावर, इस्पितळाबाहेरच्या चहाच्या टपरीवर. मी म्हणायची सांगा, तुम्ही म्हणायचात नाही. शेवटचं म्हणजे गेल्या दिवाळीत. तुम्ही म्हणालात, "बरी झाली का मग मीच सांगतो तिले. डॉक्टर एकदा बोलला का आता काही नाही, त्या दिवशी नाव घेऊन सांगतो. आधी नाही." मी म्हटलं, ठीक, लक्षात ठेवते. तो दिवस बघायला तुम्ही थांबला नाहीत.

तपासणीची तारीख तुमच्या कार्यक्रमानंतर लगेचच होती. मला वाटलं ताई नको म्हणेल. ती सकाळी तयार होऊन बसली. तुमच्या पुतण्याला हाक मारली आणि चावी त्याच्या हातात ठेवली. "हळू चालव. वळनावर लांबून घे," म्हणाली. सौंसरला मला घ्यायला गाडी वाकडी वाट करून आली, भोंगा वाजला, आणि मी दारातच रडले.

लोधीखेडा मागं पडल्यावर ताई बोलायला लागली. बाहेर बघत, मध्येच थांबत. "तू अन् तुह्ये भाऊजी बॉनेट वर करून भांडत होते ना, मले सारं आयकू येत होतं. बॉनेटनं दिसत नाही, आयकू तं येते." मी तिच्याकडे वळले. "मले त्याच्याबी आधी माहीत होतं. शेकाच्या बाकावर बाया बसलेल्या राहेत, त्याईच्या तोंडी दुसरं काय राहीन. पयल्याच दिवशी समजलं."

"मग तू बोलली का नाहीस ताई? आम्ही इतकी वर्षं..."

"कशी बोलू? मले माहीत नाही असं वाटे म्हणून ते गाडीत गाणे म्हणत. मले माहीत आहे हे समजलं असतं तं त्याईनं सडकेवर नजर ठेवली नसती, माह्याकडंच पाह्यलं असतं. अन् मले ते गाणं पाह्यजे होतं." मग म्हणाली, "जेवतबी होती मी. पोटभर जेवत होती, त्याईच्या समोर बसून."

तुमची आई जेवली नाही, हेही तिनं त्या दिवशी ऐकलं होतं, भाऊजी. तुमच्या ताटासमोर बसून ती रोज कशासाठी जेवत होती ते आत्ता मला कळलं. मी तुमच्याशी भांडत राहिले ते चूक होतं असं मला आजही वाटत नाही. तुमचं चूक होतं असंही आता म्हणवत नाही. आपण दोघं तिला काय कळावं यावर भांडत होतो आणि ती मागच्या सीटवर बसून आपल्या दोघांना सांभाळत होती.

डॉक्टरांनी तपासलं, फोटो उजेडात धरून पाहिले, आणि सांगितलं की कुठं काही राहिलेलं नाही. आता वर्षातून एकदा आलं तरी चालेल. ताईनं मान हलवली, नमस्कार केला, बाहेर आली आणि बाकावर बसली. तुमच्या मातीच्या वेळी ती रडली नव्हती. लोकांनी मला कानात सांगितलं होतं, हिला रडवा, नाही तर त्रास होईल. ती त्या बाकावर रडली. येणारेजाणारे थांबून बघू लागले. त्यांना वाटलं असेल, डॉक्टरांनी काही वाईट सांगितलं.

"सांगू कोनाले आता?" ती म्हणत होती. "सांगू कोनाले मी हे?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. सांगायचं तुम्ही कबूल केलं होतं, ते नाव घेऊन, तुमच्या तोंडानं. आता ते मला सांगावं लागतं आहे, आणि तेही तिला नाही, तुम्हाला.

भाऊजी, ताईचा कॅन्सर बरा झाला.